चौथा मालक होण्याआधी उधारीची वही काढा

प्रश्न : मी पुण्यात साउंड-लाइटचा व्यवसाय करतो. वडील गणपतीत आणि लग्नांत स्पीकर लावायचे, तेच मी पुढे वाढवलं. शहराच्या पूर्वेकडच्या एका नाइटक्लबला बरीच वर्षं माझा साउंड आहे. पहिल्या मालकाच्या काळात शनिवारी आत पाय ठेवायला जागा नसायची. त्याने ऐन भरात क्लब विकला. दुसऱ्याने आतलं सगळं उखडून नवं केलं, बुधवारी लेडीज नाइट सुरू केली आणि दोन-अडीच वर्षांत कंटाळून बाहेर पडला. आत्ताचा तिसरा. त्याने आधी नाव बदललं, मग गर्दी आटल्यावर जुनंच नाव पुन्हा लावलं. माझे सहा लाख त्याच्याकडे थकलेत. आता तो म्हणतो, "सहा लाख विसर, वर पस्तीस लाख टाक आणि तीस टक्क्यांचा भागीदार हो. हा क्लब माझ्यापेक्षा तुला जास्त कळतो." पस्तीस लाख उभे करायचे तर गावाकडची जमीन काढावी लागेल. माझी आणि बायकोची ओळख याच क्लबमध्ये झाली, तरी तीच विरोधात आहे. म्हणते, "ज्या जागेने तिघांना बुडवलं ती तुलाच कशी तारेल?" नव्या हातात गेल्यावर क्लब पुन्हा उभा राहतो का? जगात असं कुठे झालंय का? मी काय करू?

उत्तर :

आधी आकडा बघू, कारण तुमच्या पत्रात तो उघडा पडलेला आहे आणि तुमचं त्याच्याकडे लक्ष गेलेलं दिसत नाही. थकलेले सहा आणि नवे पस्तीस, म्हणजे एक्केचाळीस लाखांत तीस टक्के. याचा अर्थ हे गृहस्थ सगळ्या क्लबची किंमत एक कोटी सदतीस लाखांच्या आसपास धरतायत. कशाची किंमत? जागा त्यांची नाही, भाड्याची असणार. साउंड तुमचा. नाव एकदा काढून पुन्हा लावलेलं. गर्दी आटलेली. मग उरलं काय, हे तुम्ही त्यांना विचारायला हवं होतं. आणि दुसरं त्याहून महत्त्वाचं : तुमचे पस्तीस लाख क्लबच्या खात्यात भांडवल म्हणून जाणार, की त्यांच्या हिश्श्याची किंमत म्हणून त्यांच्या खिशात? पहिलं असेल तर ते तुम्हाला भागीदार करतायत. दुसरं असेल तर ते बाहेर पडायला लागलेत आणि सुरुवात तुमच्यापासून केली आहे.

तुम्ही विचारलंत जगात असं झालंय का. झालंय, आणि सगळ्यात गाजलेला क्लबच त्याचं उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये पश्चिम ५४व्या रस्त्यावर एक इमारत आहे. १९२७ साली ती ऑपेरा हाउस म्हणून उघडली. ऑपेरा चालला नाही. मग नाटकं झाली, पुढे सीबीएस कंपनीने तिथे रेडिओ-टीव्हीचा स्टुडिओ केला. सीबीएस गेल्यावर सिराक्यूज विद्यापीठातले दोन मित्र, स्टीव्ह रुबेल आणि इयान श्रेगर, तिथे आले. एकाची स्टेक हाउसं होती, दुसरा वकील. २६ एप्रिल १९७७ ला त्यांनी 'स्टुडिओ ५४' उघडला.

तुमच्या धंद्याच्या माणसाला यातली एक गोष्ट लगेच कळेल. जुन्या थिएटरचं रिगिंग आणि टीव्ही स्टुडिओची सोय त्यांना आयती मिळाली होती. देखावे वरून खाली सोडता येत, रात्रीतून मंच बदलता येई. प्रकाशयोजना ब्रॉडवेच्या नाटकांसाठी काम करणाऱ्या लोकांची होती, साउंड रिचर्ड लाँगचा. इतक्या उंच छताच्या, आधीच तारा ओढलेल्या इमारतीत क्लब काढणं म्हणजे निम्मं काम झालेलं. उरलेलं निम्मं दारात व्हायचं. रुबेल स्वतः बाहेर उभा राहून कोणाला आत सोडायचं ते ठरवायचा. नुसती श्रीमंतांची गर्दी त्याला नको होती. नट-नट्या, कपड्यांचे डिझायनर, कोणीच नसलेली पण सुंदर कपडे केलेली पोरं, पैसेवाले असं मिश्रण तो रोज रात्री हाताने जुळवायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर कव्हर चार्ज, म्हणजे आत शिरायचे पैसे, किती आणि स्टॅग एंट्री, म्हणजे एकट्या पुरुषाला प्रवेश, द्यायची की नाही, याचा निर्णय तो यादी बघून घेत नव्हता, चेहरा बघून घेत होता. ते न्याय्य होतं असं मी म्हणत नाही. पण क्लबचा माल तोच होता.

आता कागदांकडे या, कारण पडले ते तिथे. उघडताना त्यांच्याकडे दारूचा पक्का परवाना नव्हता. एकेका दिवसाच्या केटरिंग परमिटवर दारू विकत होते. महिनाभरात धाड पडली आणि पक्का परवाना मिळेपर्यंत जगातला सगळ्यात नावाजलेला क्लब फळांचा रस आणि सोडा विकत राहिला. तरी लोक येत राहिले, एवढी त्या दाराची ओढ! पण गल्ल्यातली रोकड वहीत येत नव्हती. त्यात रुबेलने माफियाच काय तो आमच्याहून जास्त कमावत असेल, अशा अर्थाचं काहीतरी जाहीरपणे बोलून ठेवलं. डिसेंबर १९७८ मध्ये आयकरवाले आले. पंचवीस लाख डॉलरची रोकड लपवल्याचा आरोप ठेवला गेला, दोघांना साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी १९८० मध्ये निरोपाची मोठी पार्टी करून ते तुरुंगात गेले. क्लब उघडून तीन वर्षंही झाली नव्हती.

इथून तुमचा प्रश्न सुरू होतो. मार्क फ्लाइशमन नावाच्या हॉटेलवाल्याने सुमारे साडेसत्तेचाळीस लाख डॉलरला क्लब घेतला आणि सप्टेंबर १९८१ मध्ये पुन्हा उघडला. नाव तेच, इमारत तीच, छत तेच, रिगिंग तेच. उद्घाटनाला गर्दीही लोटली. क्लब लगेच कोसळला नाही, काही वर्षं चालला. पण तोवर शहर पुढे गेलं होतं. १९८३ मध्ये 'एरिया' आणि 'लाइमलाइट' उघडले. आणि १९८५ मध्ये चौदाव्या रस्त्यावर 'पॅलेडियम' नावाचा प्रचंड क्लब आला. तो कोणी उभा केला? तुरुंगातून सुटलेल्या त्याच रुबेल आणि श्रेगर यांनी. म्हणजे फ्लाइशमनने नाव विकत घेतलं आणि ज्यांच्यामुळे त्या नावाला किंमत होती ते दोघे काही वर्षांत त्याच शहरात नवं नाव घेऊन उभे. १९८६ पर्यंत 'स्टुडिओ ५४' क्लब म्हणून संपला. पुढे तिथे 'रिट्झ' नावाने रॉकचे कार्यक्रम झाले, आणखी हात बदलले, १९९८ पासून राउंडअबाउट या नाट्यसंस्थेचे प्रयोग होऊ लागले आणि २००३ मध्ये त्या संस्थेने इमारतच घेतली. आज तिथे नाटकं होतात. पाटी मात्र 'स्टुडिओ ५४'ची आहे. श्रेगर पुढे हॉटेलांच्या धंद्यात प्रचंड मोठा झाला आणि २०१७ मध्ये ओबामांनी त्याला माफीही दिली. रुबेल १९८९ मध्येच गेला होता.

मला यातलं तुमच्या कामाचं काय वाटतं ते सांगते. विक्रीच्या करारात ज्या गोष्टी लिहिता येतात त्या सगळ्या फ्लाइशमनला मिळाल्या. ज्या लिहिता येत नाहीत त्यांच्यासाठी लोक येत होते. तुमचा पहिला मालक ऐन भरात विकून गेला, असं तुम्ही सहज एका वाक्यात लिहिलंत. मी तिथे थांबले. तो आज काय करतो? बाणेरला किंवा मुंबईला नवं काही काढलंय का? त्याचा मॅनेजर, त्याचे दारावरचे लोक, शनिवारचा डीजे त्याच्याबरोबर गेले का? धंद्याचं गुडविल, म्हणजे नावाची पत, विकणाऱ्याने तोच धंदा ठरलेल्या हद्दीत करू नये, असा करार आपला कायदा मान्य करतो. दुसऱ्या मालकाने तसा लिहून घेतला होता का, हे विचारा. उत्तर बहुतेक नाही असं येईल. तसं असेल तर दुसऱ्याने फर्निचर विकत घेतलं होतं आणि तेही त्याने उखडून फेकलं.

मँचेस्टरचा 'हासिएंडा' थोडक्यात सांगते, कारण तिथे मालक बदलले नाहीत तरी पैसा बुडाला, आणि ते कळणं तुम्हाला उपयोगाचं आहे. फॅक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी आणि 'न्यू ऑर्डर' हा बँड यांनी मिळून १९८२ मध्ये जुन्या बोटींच्या शोरूममध्ये तो काढला. सुरुवातीला आवाजाची व्यवस्था वाईट म्हणून कुप्रसिद्ध होती. तुम्ही असता तर कपाळाला हात लावला असता. सुरुवातीच्या वर्षांत कित्येक रात्री हॉल रिकामा असे आणि बँडच्या रेकॉर्डविक्रीचे पैसे त्यात ओतले जात. मग १९८८ च्या सुमारास 'हाउस' नावाच्या नाचाच्या संगीताची लाट आली आणि हॉल तुडुंब भरू लागला. तरी तोटा! कारण ती गर्दी बारवर येत नव्हती. एक्स्टसी नावाच्या नशेच्या गोळ्या घेतलेली पोरं रात्रभर नाचायची आणि पाणी प्यायची, आणि क्लबचं उत्पन्न बियरवर होतं. गोळ्यांचा पैसा दुसऱ्याच टोळ्यांकडे जायचा, आणि त्या टोळ्या पुढे दारावर बंदुका घेऊन उभ्या राहू लागल्या. १९९२ मध्ये फॅक्टरीचं दिवाळं निघालं, १९९७ मध्ये क्लब बंद झाला, २००२ मध्ये इमारत पाडली. आता तिथे त्याच नावाचे फ्लॅट आहेत. नुसती गर्दी बघून हरखू नका. पहिल्या मालकाच्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती हे तुम्ही पाहिलंत. बारवर काय हललं ते तुम्ही पाहिलेलं नाही, तुम्ही कन्सोलमागे होतात.

आता पुन्हा उभा राहिलेला क्लब. लंडनचा 'फॅब्रिक' १९९९ मध्ये उघडला. त्याच्या एका डान्स फ्लोअरखाली बेसचे ट्रान्सड्यूसर बसवलेले आहेत, खालचा सूर पायातून अंगात येतो. २०१० मध्ये तो आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकाच्या ताब्यात गेला. कारण क्लब स्वतः नव्हता. त्याच मंडळींनी 'मॅटर' नावाचा दुसरा भला मोठा क्लब काढला होता आणि तो बुडताना याला ओढत होता. 'फॅब्रिक' नव्या कंपनीकडे गेला आणि चालत राहिला. पुढे २०१६ मध्ये दोन अठरा वर्षांच्या मुलांच्या अमली पदार्थांमुळे झालेल्या मृत्यूंनंतर इस्लिंग्टनच्या कौन्सिलने परवानाच काढून घेतला. समझोता झाला, ओळखपत्रांचे स्कॅनर आले, वीकेंडला क्लबच्या रात्रींना एकोणीस वर्षांखालच्यांना बंदी आली, आणि २०१७ च्या जानेवारीत दार पुन्हा उघडलं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, होय, उभा राहतो. पण तिथे नव्या मालकाने आतलं उखडलं नाही, नाव बदललं नाही, संगीत बदललं नाही. दुखणं बाहेर होतं आणि ते नेमकं कळलेलं होतं. तुमच्या क्लबचं दुखणं काय आहे हे तिसऱ्या मालकाला सांगता येतं का? "मार्केट डाउन आहे" हे उत्तर मी धरत नाही.

आता पुण्यात या. मी आयुष्यातली बरीच वर्षं हॉटेलं आणि परमिट रूमचे हिशेब तपासण्यात घालवली आहेत, त्यामुळे हा भाग जरा लांबेल.

तुम्ही तीन 'मालक' म्हणता. माझी पहिली शंका अशी की त्यातला एकही मालक नसावा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी एफएल-३ परवाना, म्हणजे परमिट रूमचा, एकाच्या नावावर असतो आणि धंदा दुसऱ्याला कंडक्टिंगवर चालवायला दिलेला असतो. दारावर नाव बदलतं, आतली माणसं बदलतात, परवाना मात्र जुन्या कोणा हॉटेलवाल्याच्या नावावर शांत बसलेला असतो, आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम त्याला जाते. तुमच्या क्लबचं तसं असेल तर तिसरे गृहस्थ तुम्हाला ज्याचे तीस टक्के विकतायत ते त्यांचंच नाही. त्यांच्याकडे आहे तो उरलेल्या महिन्यांचा करार. म्हणून पहिला कागद मागायचा तो चालू वर्षाच्या परवान्याचा, नूतनीकरणाच्या शिक्क्यासह. उत्पादन शुल्काचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. परवान्यावर नाव कोणाचं ते वाचा. भागीदार म्हणून तुमचं नाव परवान्यात घालायचं तर उत्पादन शुल्क विभागाची परवानगी आणि फी लागते. "ते नंतर बघू" असं ऐकायला आलं तर समजा की तुमचं नाव कुठेही येणार नाही.

दुसरा कागद जागेचा. करार किती वर्षं उरलाय, भाडं दरवर्षी किती वाढतं, लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, किती, आणि जागामालक नव्या भागीदाराला कबूल आहे का. करार अकरा महिन्यांनी संपत असेल तर पस्तीस लाख हे अकरा महिन्यांचं भाडं झालं.

तिसरा, थकबाकी. धंदा एकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा आधीचा थकलेला जीएसटी देण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरही येते. प्रॉव्हिडंट फंडाचंही तसंच. दारू जीएसटीत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट आहे, तो वेगळा तपासावा लागतो. हा व्हॅट २०२३ मध्ये पाचाचा दहा टक्के झाला, पुढे परवाना फी वाढली, दारूवरचं उत्पादन शुल्क वाढलं. याच्याविरुद्ध १४ जुलै २०२५ ला राज्यभरच्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला होता. ज्यांचा धंदा जोरात होता त्यांनाही ही वाढ जड गेली, मग आटलेल्या क्लबचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा. आणि भागीदारी साधी असेल, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड नसेल, तर तुमचं नुकसान पस्तीस लाखांवर थांबत नाही. तुम्ही आत आल्यानंतरच्या कर्जासाठी पैसे येणं असलेले लोक तुमच्या घरापर्यंत येऊ शकतात.

चौथा कागद आगीचा, आणि इथे मी कोणाचंही काही ऐकून घेत नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईत लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबना आग लागली आणि १४ माणसं गेली. नंतर पबचालकांबरोबर जागेच्या मालकांनाही अटक झाली. आपल्याकडे अग्निसुरक्षेचा २००६ चा कायदा आहे. दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं बी फॉर्मचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. मागची दोन वर्षं ते दिलंय का बघा. शिवाय तुम्ही स्वतः वायरिंगवाले आहात. दुसऱ्या मालकाने आतलं उखडून नवं केलं तेव्हा छताला काय लावलं, साउंडप्रूफिंगचा फोम कुठला, मागचं दार अजून उघडतं की तिथे बियरचे क्रेट रचलेत, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. आजवर तुम्ही तिथे ठेकेदार होता. सही केल्यावर ते दार तुमचं.

पोलिसांच्या सादरीकरण परवान्याचं, वाजवलेल्या गाण्यांच्या हक्काच्या फीचं, ओळखपत्र तपासण्याचं मी लांबवत नाही. पण मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर पुण्यात क्लबवाल्यांवर कारवाईची लाट आली, अल्पवयीन मुलाला दारू दिलेल्या ठिकाणांना सील लागलं, हे तुम्ही जवळून पाहिलं असेल. महाराष्ट्रात बियरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. शनिवारी तुमच्या फ्लोअरवर नाचणाऱ्यांचं वय डोळ्यांपुढे आणा आणि नियम खरोखर पाळला तर बारवर कितीजण उरतील याचा अंदाज करा. तो तुमचा खरा गल्ला. तिसऱ्या मालकाने दाखवलेला आकडा त्या अंदाजाच्या दुप्पट असेल तर तो धंदा नियम मोडून चालतो. आणि रोकड वहीबाहेर असल्याचं तो तुमच्या कानात सांगत असेल ("दिसतं त्यापेक्षा जास्त आहे हो, कागदावर कमी दाखवतो"), तर दिसतं तेवढंच धरा. वहीबाहेरच्या पैशातला तुमचा तीस टक्के वाटा कुठल्या कोर्टात मागणार?

हे सगळे कागद ते दाखवतीलच असं नाही. पण एक कागद तुमच्या स्वतःच्या कपाटात आहे, आणि या सौद्यात त्याच्याइतका खरा दुसरा कुठला नाही. तुमची उधारीची वही. तिन्ही मालकांची बिलं तुम्ही कधी दिलीत आणि पैसे कधी आले याच्या तारखा त्यात आहेत. पहिला बिल मिळाल्यावर किती दिवसांत द्यायचा? कधीपासून लांबवू लागला? तो ऐन भरात विकून गेला असं तुम्हाला वाटतं, पण विकण्याआधीच्या सहा महिन्यांत तुमची बिलं अडकायला लागली असतील तर तो भर वरवरचा होता आणि त्याला ते कळलं होतं. दुसऱ्याने नूतनीकरणाचे पैसे रोख दिले की हप्त्याने? तिसऱ्याने नाव बदललं त्या महिन्यात तुमचं बिल थकलेलं होतं का? साउंडवाल्याचं बिल हे क्लबमध्ये सगळ्यांत आधी थकतं. दारूचा पुरवठादार माल बंद करू शकतो, वीज तोडली जाते, साउंडवाला मात्र "पुढच्या शनिवारी घे" वर थांबतो. म्हणून त्या क्लबची नाडी तुमच्या वहीत आहे, त्यांच्या ताळेबंदात नाही. एका रविवारी बसा आणि तीन रकाने काढा. बहुतेक निर्णय तिथेच होईल.

आता सहा लाखांचं. ते भागभांडवलात मिसळू देऊ नका, काही झालं तरी. ते तुमच्या केलेल्या कामाचे पैसे आहेत. तुमची 'उद्यम' नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, त्या कामांच्या आधीपासून असेल तर सूक्ष्म-लघु उद्योगांचा २००६ चा कायदा तुमच्या बाजूला आहे : फार तर ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. दाद मागायला राज्याची सुविधा परिषद आहे. शिवाय अशी वेळेत न दिलेली बिलं आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाहीत. तुमच्या गृहस्थांच्या सीएला हे माहीत असतं, त्यामुळे नुसत्या पत्रानेही हालचाल होते. नोंदणी नसेल तर पुढच्या कामांसाठी आजच करा, आणि सहा लाख येणं असल्याचं त्यांच्याकडून सही-शिक्क्याने लिहून घ्या. पैसे वसूल करायला दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. जुनी बिलं त्या काठावर असतील तर हा कागद मुदतीच्या आत हातात यायला हवा.

"हा क्लब माझ्यापेक्षा तुला जास्त कळतो," हे वाक्य तुम्हाला लागलंय, पत्रातून कळतं. ते खरंही आहे. त्या हॉलमध्ये बेस कुठे दबतो, किती वाजता फ्लोअर भरतो, कुठल्या डीजेला लोक पाठ फिरवतात, हे तुम्हाला कळतं. परवाना, भाडं, बार, बाउन्सर, पोलीस ठाणं हे तुम्हाला कळत नाही, आणि कळावं अशी तुमची इच्छाही पत्रात कुठे दिसली नाही. आणि तुम्ही आत गेलात तर साउंड कोण बघणार? स्वतःच्या क्लबला स्वतः साउंड लावणारा भागीदार बिल कोणाला लावणार?

माझं मत स्पष्ट आहे. या अटींवर नाही, आणि जमीन विकून तर कुठल्याच अटींवर नाही. त्या जागेत आणि त्या गर्दीत तुमचा जीव आहे, तर त्याला वेगळी वाट आहे. त्यांना म्हणा, भागीदारी नको. महिन्यातला एक शनिवार मला द्या. संगीत, डीजे, साउंड, तिकीट माझं, बार तुमचा. पहिल्या मालकाच्या काळातली गर्दी परत आणता येते का हे चार-सहा शनिवारांत कळेल, आणि त्याला पस्तीस लाख लागणार नाहीत. परवाना आणि आगीचा कागद मात्र त्या एका शनिवारासाठीही बघायचा.

तुमच्या पत्नीने "तिघांना बुडवलं" म्हटलं ते एका ठिकाणी दुरुस्त करते. पहिला बुडालेला दिसत नाही, तो सुटला. त्याचा नंबर तुमच्याकडे असेलच. तिसऱ्यांना उत्तर देण्याआधी त्याला भेटा आणि एवढंच विचारा की आज कोणी हा क्लब परत देऊ केला तर किती देशील. आणि तोवर येत्या शनिवारचा साउंड अ‍ॅडव्हान्स खात्यात जमा झाल्याशिवाय गाडीत चढवू नका.